चेहऱ्यावर नजर, हातांवर लक्ष

पुणे–हैदराबाद महामार्गावर हुमनाबाद मागे टाकून पूर्वेला निघालं, की जहीराबादच्या अलीकडे मन्नाएखेळ्ळी लागतं. बिदरकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्राला मिळाले आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. सरहद्दी बदलल्या, लोकांचं बोलणं बदललं नाही. या पट्ट्यात घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि पलीकडच्या सोयऱ्यांशी तेलुगू असा कित्येकांचा रोजचा व्यवहार असतो. पाच-सहा वर्षांचं पोर यातल्या दोन-तीन भाषा कुणी न शिकवता उचलतं. कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं, हेही त्याला सांगावं लागत नाही.

त्याच गल्लीत जन्मापासून बहिरं असलेलं मूल वाढत असेल, तर या चारांपैकी एकही भाषा त्याच्या वाट्याला आपोआप येत नाही. त्याची बुद्धी शाबूत असते, डोळे तरतरीत असतात, भाषा शिकायची मेंदूची तयारी शेजारच्या मुलाइतकीच असते. त्याच्यापर्यंत पोचेल अशी भाषा तेवढी भोवताली नसते. अमेरिकेतल्या मोजणीनुसार बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, आणि आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. म्हणजे या मुलांच्या घरात त्यांची भाषा येणारं माणूस बहुधा कुणीच नसतं. हातांनी बोललेली भाषा मूल ओळखतं कसं, तिचा अर्थ लावतं कसा, आणि ती वेळेवर मिळाली नाही तर त्याचं काय होतं, हे समजून घेणं म्हणूनच अशा प्रत्येक घरासाठी निकडीचं आहे.

चुलीपुढचा एक साधा प्रसंग घेऊ. आई तव्यावरची ज्वारीची भाकरी उतरवते आहे. दीड वर्षाचं मूल भाकरीकडे टक लावून हात पुढे करतं. "भाजंल, हात लावू नको," आई म्हणते. ऐकणाऱ्या मुलाचे डोळे भाकरीवर असतात आणि कान आईकडे. वस्तू आणि तिच्याविषयीचे शब्द एकाच क्षणी त्याच्या पदरात पडतात. बहिऱ्या मुलाला ही सोय नाही. भाकरी पाहत असताना त्याला आईचे हात दिसत नाहीत, आणि आईचे हात पाहायचे तर भाकरीवरची नजर काढावी लागते. वस्तू आणि भाषा त्याला एकामागून एक घ्यावी लागते.

स्वतः बहिऱ्या असलेल्या आया हे जाणून असतात, आणि त्यांचं वागणं अभ्यासकांनी बारकाईने टिपलं आहे. मूल वस्तूकडे पाहत असेल तर त्या थांबतात. त्याच्या खांद्यावर हलकेच थापटतात, नजर वर आली की खूण करतात, मग वस्तूकडे बोट दाखवतात. कधी मुलाच्या नजरेच्या टप्प्यात हात नेऊन वस्तूशेजारीच खूण करतात, तर कधी खूण थेट मुलाच्या अंगावरच उमटवतात. खूण मोठी करतात, सावकाश करतात, दोन-तीनदा करतात. ऐकणारी आई तान्ह्याशी जशी लांबवून, लाडिक सुरात बोलते, तेच हे हातांचं बोलणं. अमेरिकेत एमी लीबरमन आणि रेचेल मेबेरी यांनी अशा माय-लेकरांना चित्रांची पुस्तकं पाहताना न्याहाळलं. दोन वर्षांच्या आसपासची मुलं पानावरून आपणहून नजर उचलून आईकडे पाहत होती, पुन्हा चित्राकडे वळत होती. कुठे पाहिलं की भाषा मिळते, हे त्यांना कळलेलं होतं. भाषा शिकण्याआधी ती शोधायला शिकणं ही या मुलांची पहिली पायरी आहे, आणि ती घरातच चढावी लागते.

आता खुणेकडे वळू. खूण म्हणजे हवेत काढलेलं चित्र, असा अनेकांचा समज असतो. 1960 साली विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने तो खोडून काढला. जसा शब्द ध्वनींचा बनतो, तशी प्रत्येक खूण ठरावीक घटकांची बनते, हे त्याने दाखवलं: बोटांची ठेवण, अंगावरची किंवा समोरची जागा, आणि हालचाल. तळव्याची दिशा आणि चेहऱ्यावरचे भाव यांची भर पुढच्या अभ्यासकांनी घातली. यातला एक घटक बदलला तरी खूण बदलते. भारतीय सांकेतिक भाषेत नाकपुडीच्या बाजूला, चमकी असते तिथे, बोट लावलं की बाई. बोटं जरा खाली, मिशीच्या जागी नेली की पुरुष. दोन जागांमधलं अंतर दोन बोटांचंही नाही, पण खुणांची भाषा येणाऱ्या मुलाचा तिथे गोंधळ होत नाही. 'देणे' या खुणेत हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. दिशा उलटली की कोणी कोणाला दिलं तेही उलटतं, वेगळं सर्वनाम लागत नाही. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, 'तू, गाव, कुठलं?' अशी, आणि त्या वेळी भुवया व मान बोलत असतात.

भुवया बोलतात म्हणूनच खुणा समजणारा माणूस समोरच्याच्या हातांवर डोळे खिळवून बसत नाही. त्याची नजर चेहऱ्यावर असते. हात त्याला नजरेच्या कडेने दिसतात आणि तेवढं त्याला पुरतं. डाफ्ने बाव्हेलियर, हेलन नेव्हिल आदींच्या प्रयोगांतून दिसलं आहे, की नजरेच्या कडेला होणारी हालचाल जन्मापासून बहिरी असलेली माणसं ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक चटकन टिपतात. नवशिका ऐकणारा माणूस मात्र हातांकडेच पाहत राहतो, आणि म्हणून अर्धं बोलणं त्याच्या हातून निसटतं. शिकवणाऱ्या बहिऱ्या शिक्षकांना पहिले काही आठवडे हीच सवय मोडावी लागते.

खूण किती लवकर ओळखू येते? कॅरेन इमोरी आणि डेव्हिड कोरिना यांनी 1990 साली खुणांच्या चित्रफिती तुकड्या-तुकड्याने दाखवून हे मोजलं. खुणेचा साधारण पहिला तिसरा हिस्सा, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास पाहिला, की पाहणाऱ्याला ती कोणती हे कळलेलं असतं. बोललेल्या इंग्रजी शब्दाचा मात्र बराच मोठा भाग ऐकावा लागतो. ध्वनी एकामागून एक येतात, खुणेचे घटक एकदम समोर येतात, हे त्याचं कारण. आधी जागा आणि तळव्याची दिशा लक्षात येते, पाठोपाठ बोटांची ठेवण, आणि हालचाल ओळखू आली की खूण ओळखली जाते. एक खूण करायला एका शब्दापेक्षा सुमारे दुप्पट वेळ लागतो, तरी एखादी गोष्ट सांगायला खुणांना बोलण्याएवढाच वेळ लागतो, हे उर्सुला बेलुगी आणि सुझन फिशर यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं. एकाच वेळी हात, चेहरा आणि जागा तिन्ही अर्थ वाहतात, म्हणून ही भरपाई होते.

मोठ्या माणसांचं हे कौशल्य मुलांत कधी येतं, हे पाहायला स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काइल मॅकडॉनल्ड, अ‍ॅन फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांनी घरात पहिल्यापासून अमेरिकी सांकेतिक भाषा पाहणारी सोळा महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंतची मुलं घेतली. पडद्यावर दोन चित्रं, मधे खूण करणारी व्यक्ती. खूण पूर्ण होण्याआधीच मुलांची नजर बरोबर चित्राकडे वळू लागायची. वय वाढेल तसा हा वेग वाढत गेला, आणि जी मुलं लवकर वळत होती त्यांचा खुणांचा साठाही मोठा होता. यातली काही मुलं बहिरी होती, तर काही बहिऱ्या आईबापांची ऐकणारी मुलं होती. दोघांच्या वागण्यात फरक आढळला नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मोलाचा आहे, कारण मूल बहिरं आहे म्हणून काही वेगळं घडतं आहे, ही शंका त्याने दूर केली. भाषा डोळ्यांनी घ्यायची असली की कोणतंही मूल असंच वागतं.

ही तयारी त्याहूनही आधीपासून चाललेली असते. चार महिन्यांचं ऐकणारं बाळसुद्धा, ज्याच्या घरात कुणालाच खुणा येत नाहीत, बोटांच्या दोन ठेवणींमधला फरक ओळखतं. वर्ष-सव्वा वर्षात, तशी भाषा समोर आली नाही तर, ही तीक्ष्णता बोथट होते. परक्या भाषेतले बारीक ध्वनिभेद कानातून पुसले जातात, तसंच हे. लॉरा-अ‍ॅन पेटिटो हिने 1991 मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आणली. बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं दहाव्या महिन्याच्या सुमारास हातांनी बडबडतात. 'बाबाबा', 'दादादा'सारखी एकच ठेवण, एकच हालचाल पुन्हा पुन्हा, अर्थाशिवाय. पुढे 2001 मध्ये तिच्या गटाने मोजून दाखवलं, की ही बडबड हात नाचवण्याहून संथ असते, सेकंदाला साधारण एक फेरा. बाळ नुसते हात हलवत असेल तर वेग अडीच फेऱ्यांच्या आसपास असतो.

पहिल्या खुणा वर्षाच्या आसपास येतात, आणि त्या बोबड्या असतात. मूठ, उघडा पंजा, एक बोट या ठेवणी मुलांना आधी जमतात. अवघड ठेवणीच्या जागी ती सोपी घालतात. मनगटातून व्हायची हालचाल कोपरातून किंवा खांद्यातून करतात. जागा मात्र सहसा चुकत नाही. ऐकणारं मूल 'गाडी'ला 'दादी' म्हणतं तेव्हा घरातले हसून समजून घेतात. बहिऱ्या मुलाची बोबडी खूण ओळखायला घरात खुणा येणारं कुणी तरी असावं लागतं.

बोट दाखवण्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. 'मी' म्हणायला स्वतःकडे आणि 'तू' म्हणायला समोरच्याकडे बोट, इतकं उघड दुसरं काय असेल? पण पेटिटोने पाहिलेल्या, सांकेतिक भाषेत वाढणाऱ्या एका मुलीने दीड-दोन वर्षांच्या दरम्यान 'तू'ची खूण स्वतःसाठी वापरली. ऐकणारी मुलंही त्याच वयात 'मी' आणि 'तू'ची अदलाबदल करतात. बाळपणी ज्या बोटाने ही मुलगी वस्तू दाखवत होती, त्याच बोटाचा आता भाषेतला शब्द झाला होता, आणि तो तिला व्याकरणासकट शिकावा लागत होता.

मेंदूत काय चालतं, याचे पहिले ठोस पुरावे आजारातून मिळाले. हॉवर्ड पॉयझ्नर, एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी 1980 च्या दशकात पक्षाघाताचा झटका आलेल्या बहिऱ्या लोकांचा अभ्यास केला. डाव्या मेंदूला इजा झालेल्यांचं खुणा करणं किंवा समजणं ढासळलं, जसं ऐकणाऱ्यांचं बोलणं ढासळतं. उजव्या मेंदूला इजा झालेली एक चित्रकार बाई होती. तिच्या चित्रांची डावी बाजू गळून जायची, आकार विस्कटून जायचे, पण खुणा ती पूर्वीसारखीच सफाईने करायची. चित्र आणि खूण, दोन्ही हातांचीच आणि जागेचीच कामं. मेंदू मात्र त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. 2000 साली पेटिटोच्या गटाने संपूर्ण बहिऱ्या लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा खुणा पाहताना कानाच्या वरचा, ध्वनीसाठी राखीव मानला गेलेला भाग काम करताना दिसला. तो भाग ध्वनीपेक्षा भाषेच्या घाटाची वाट पाहत असावा, असं त्यावरून म्हणता येतं.

ती वाट फार काळ पाहिली जात नाही, ही यातली कठोर बाजू आहे. रेचेल मेबेरी यांनी कित्येक वर्षं एकच प्रश्न धरून ठेवला: भाषा उशिरा मिळाली तर काय होतं? जन्मापासून खुणा पाहणाऱ्यांच्या तुलनेत, शाळेच्या वयात किंवा त्याही नंतर पहिल्यांदा खुणा शिकलेल्या माणसांना आयुष्यभर लांब, गुंतागुंतीची वाक्यं समजायला जड जातात, वीस-वीस वर्षं ती भाषा वापरूनही. याउलट, ऐकू येत असताना एक भाषा पक्की झाली आणि मग बहिरेपण आलं, तर खुणांची भाषा मोठेपणीही चांगली शिकता येते. पहिली भाषा कोणतीही असो, ती लहानपणी मिळाली तर पुढचीला पाया मिळतो. 2015 मध्ये लीबरमन आणि मेबेरी यांच्या गटाने उशिरा शिकलेल्यांची नजर पडद्यावर मोजली. पहिल्यापासून खुणा येणाऱ्यांचे डोळे दिसायला सारख्या खुणांच्या चित्राकडे क्षणभर ओढले जातात, कारण त्यांच्या मनात खुणा घटकांनुसार एकमेकींना जोडलेल्या असतात. उशिरा शिकलेल्यांत ही ओढ दिसली नाही. त्यांनी खुणा शिकल्या होत्या, पण एकेक अखंड ठोकळा म्हणून.

खुणांची भाषा दाखवली तर मूल बोलणार नाही, या भीतीने ती लपवणाऱ्या घरांसमोर आणि शाळांसमोर हा पुरावा ठेवायला हवा. ही भीती निराधार आहे, आणि तिची किंमत मूल मोजतं.

भीती जुनी आहे. 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार कराव्यात, ओठ वाचून बोलायलाच शिकवावं, असा ठराव झाला. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने भारतातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा निघाली. पुढे देशभरातल्या बहुतेक शाळांनी वर्गात बोलण्याचाच धडा गिरवला. खुणा जगल्या त्या वसतिगृहाच्या खोल्यांत, मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांकडून लहानांकडे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूरच्या खुणा गोळा केल्या. शब्दांत फरक होते, तरी सुमारे तीन-चतुर्थांश खुणा नात्यातल्या निघाल्या आणि व्याकरण तर एकच निघालं. सीमाभागासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. उदगीरच्या मुलाला मराठी लिहायला शिकवतात, बिदरच्या मुलाला कन्नड, जहीराबादच्या मुलाला तेलुगू. या तिघांना एकमेकांची लिपी वाचता येत नाही, पण हातांनी ती एकमेकांशी बोलू शकतात. 1956 च्या रेघा या भाषेला लागू नाहीत.

2001 मध्ये मुंबईच्या वांद्र्यातल्या अली यावर जंग या श्रवणबाधितांसाठीच्या संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेचं रीतसर शिक्षण सुरू झालं, त्यामागे उल्रिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञेचं व्याकरणावरचं काम होतं. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशात 2018 मध्ये 3000 शब्द होते, 2021 मध्ये ते 10000 वर गेले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचं कलम घातलं.

तरीही गावातल्या मुलाच्या हातात आज काय आहे? बहुतेक वेळा घरच्या खुणा. जेवायचं, झोपायचं, मामा आला, बस गेली. मूल आणि आई मिळून त्या तयार करतात. सुझन गोल्डिन-मेडो यांनी अमेरिका आणि तैवानमधल्या अशा मुलांच्या खुणा ताडून पाहिल्या. दोन्हीकडच्या मुलांनी, एकमेकांना कधीही न पाहता, खुणा जोडण्याची सारखीच रीत बसवली होती, आणि त्यांच्या आयांच्या हातवाऱ्यांत ती रीत नव्हती. मूल भाषा घडवायला निघतं, पण एकट्याने ती पुरी होत नाही. लोक जमले की होते. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांची शाळा निघाली आणि घरच्या खुणा घेऊन आलेल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांत तिथे नवी भाषा उभी राहिली, हे अ‍ॅन सेनघास आणि इतरांनी जवळून टिपलं. कर्नाटकातच, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या अलीपूर गावात, पिढ्यान्‌पिढ्या शंभराहून अधिक बहिरी माणसं आहेत. तिथली स्वतःची खुणांची भाषा आहे, आणि अनेक ऐकणाऱ्या गावकऱ्यांनाही ती येते. सिबाजी पांडा या स्वतः बहिऱ्या असलेल्या अभ्यासकाने तिचं दस्तऐवजीकरण केलं. गाव खुणा शिकलं तर बहिरं माणूस गावात एकटं पडत नाही, याचा दाखला शोधायला परदेशी जायला नको.

बिदर-कलबुर्गीच्या या भागात मामा-भाचीचं किंवा आते-मामे भावंडांचं लग्न अनेक घरांत रीतीचं मानलं जातं. काही प्रकारचं जन्मजात बहिरेपण आईवडील दोघांकडून येणाऱ्या जनुकांमुळे होतं आणि जवळच्या नात्यात त्याची शक्यता वाढते. ज्या घरात आधीच असं मूल आहे, तिथे पुढच्या बाळाचे कान जन्मल्या-जन्मल्या तपासून घ्यायला हवेत. ही तपासणी बाळ झोपलेलं असतानाही होते, त्याला काही दुखत नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं आणि पात्र मुलांसाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचं कॉक्लियर इम्प्लांटही मिळतात. पण यंत्र बसेपर्यंत, आणि त्यातून ऐकायला शिकेपर्यंत, महिने आणि वर्षं जातात. त्या काळात मूल भाषेविना राहता कामा नये. खुणा आणि श्रवणयंत्र यांत निवड करायची गरजच नाही, दोन्ही बरोबर चालतात.

म्हणून मन्नाएखेळ्ळीत, चिटगुप्प्यात, भालकीत, कुठेही मूल हाकेला वळत नसेल तर "मोठं झालं की बोलेल" म्हणून थांबू नका. बिदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात न्या. दिल्लीच्या केंद्राचा शब्दकोश मोबाइलवर मोफत पाहता येतो; आई, पाणी, दूध, दुखतंय या खुणांपासून आजच सुरुवात करा, आणि आजी-आजोबांनाही शिकवा. तालुक्यात खुणा येणारे बहिरे तरुण असतील तर त्यांना घरी बोलवा आणि मुलाशी त्यांना भरपूर बोलू द्या.